जीपचं प्रेशर

माझ्या भावाला शिक्षा झाली त्या दिवशी मी मंगरूळपीरच्या सरकारी दवाखान्यात एका बाईचं बाळंतपण करत होते. निरोप आला, मी ऐकला आणि बाळाची नाळ बांधली.  पण त्या क्षणी मनात जे बसलं ते पुढं कधी निघालं नाही. आमची माय विहारातून आली की म्हणायची, मनात वैर ठेवू नये. मी मान डोलवायची. वैर मात्र नीट घडी घालून ठेवलेलं होतं.

झालं होतं ते असं. माझा धाकटा भाऊ कारंजाजवळच्या एका मोठ्या शेतमालकाच्या जीपवर ड्रायव्हर होता. आम्ही इंझोरीकडचे. बापाचं छत्र लहानपणीच गेलेलं. मी नर्सिंग शिकले, भाऊ गाडी शिकला, आणि आमच्या घरात चुलीवर कधीमधी गोडधोड शिजू लागलं. मालकाचा मुलगा, ज्याला सगळे छोटे मालक म्हणत, त्याला जीप पळवायचा नाद होता. चांगला रस्ता दिसला की भावाला बाजूच्या सीटवर ढकलून तो स्वतः स्टिअरिंगवर बसायचा. डोळ्यांना काळा चष्मा. अशाच एका दुपारी त्यानं वळणावर एका बाईला उडवलं. बाई त्यांच्याच वावरातून निंदण करून परतणारी. डोक्यावर गवताचा भारा होता, म्हणून तिला मागं वळून गाडी बघता आली नाही.

तिला आमच्याच दवाखान्यात आणलं. पायाचं हाड मांस फोडून बाहेर आलेलं. मी जखम धूत होते, तिनं माझं मनगट धरलं.

"बाई, चष्मेवाला होता. तोच चालोत होता. मी पडल्यावर त्यानं चष्मा काढून मले पाह्यलं."

"अन् ड्रायव्हर?"

"तो तर रडत होता बिचारा. त्यानंच मले उचललं."

ती बेशुद्ध झाली. पुढं तिचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. पण ती शुद्धीवर येऊन उठून बसेपर्यंत सगळं ठरून गेलं होतं. छोट्या मालकानं भावाला बोलावून सांगितलं होतं, "तू चालोत होता म्हन. आमी तुह्यं पाहून घेऊ." भाऊ म्हणाला, "मी नाई म्हनत." तर त्यांनी त्याला न विचारताच पोलिसांपुढं तसं म्हटलं. त्यांची माणसं साक्षीला उभी राहिली, बाईच्या नवऱ्यालाही काहीबाही सांगून गप्प केलं. माझं म्हणणं कोणी घेतलं नाही, कारण मी बहीण होते. भाऊ आत गेला आणि त्याचं लायसन गेलं.

तो सुटून आला तेव्हा बोलणंच विसरला होता. जेवायला वाढलं की जेवायचा. रस्त्यानं एखादी गाडी गेली की मान दुसरीकडं वळवायचा. मला ते बघवेना. मंगरूळला दर्ग्याच्या वाटेवर एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं गॅरेज होतं. त्याच्या सुनेचं बाळंतपण मी केलेलं, त्यामुळं तो मला बेटी म्हणायचा. मी भावाला त्याच्यापुढं नेऊन उभं केलं.

"चाचा, याले हाताले काम द्या. डोकं चाललं नाई तरी चालते."

मिस्त्रीनं भावाकडं पाहिलं आणि फक्त एक पाना पुढं केला. भावानं तो घेतला.

त्या गॅरेजच्या मागच्या बाजूला मिलिटरीच्या डिस्पोजलमधली, म्हणजे त्यांनी लिलावात काढलेली, एक जुनी जीप उभी होती. इंजिन धड, बाकी सगळं खिळखिळं. आणि शेडच्या कोपऱ्यात एक गोगलगाईच्या शंखासारखं बिडाचं धूड पडलेलं होतं. धरणाच्या कामावरची एक मोठी मशीन भंगारात निघाली, तिच्यातून मिस्त्रीनं ते काढून आणलेलं. त्याला टर्बो म्हणतात हे आम्हाला मिस्त्रीनंच सांगितलं. इंजिनातून जो धूर फेकला जातो त्याच्या जोरानं आतला एक पंखा फिरतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. मिस्त्री त्याला फुंकणी म्हणायचा. "चुल्हे में फुंकनी मारो तो आग कैसी भडकती है, बस वैसाच."

एकदा मी डबा घेऊन गेले तेव्हा भाऊ त्या शंखावरचा गंज घासत होता. मान खाली ठेवूनच म्हणाला, "ताई, हे त्या जीपले लावलं तर?"

सुटून आल्यानंतरचं त्याचं हे पहिलं पूर्ण वाक्य.

मी विचारलं, "लावून काय करशीन?"

"पटाले त्याची जीप मागं पाडीन."

आमच्या भागात हिवाळ्यात शंकरपट भरायचा. बैलजोड्यांच्या शर्यती संपल्या की शेवटी हौशी लोक जीपा पळवायचे, मोकळ्या वावरातून नाल्याच्या काठापर्यंत. छोटा मालक तिथं दरवर्षी पहिला. जिंकला की गाडीच्या बॉनेटवर उभा राहून हात हलवायचा. मी त्या अपघाताच्या वर्षीही त्याला तसा हात हलवताना पाहिलं होतं. भाऊ तेव्हा तुरुंगात होता.

"लाव," मी म्हणाले. "मी आहे तुह्याबरोबर."

मिस्त्री आणि भाऊ कामाला लागले. नळ्या वाकवल्या, जोड मारले, गळती बंद केली. जीप पहिल्यांदा पळाली तेव्हा तिनं अशी उसळी मारली की मिस्त्रीची टोपी उडाली. पण शेलूच्या रस्त्यानं थोडं पुढं गेले आणि इंजिनातून फुटाणे भाजल्यासारखा आवाज येऊ लागला. मग पांढरा धूर. हेडचं गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या झाकणाखालची पट्टी, जळालेलं.

मिस्त्री कपाळाला हात लावून बसला. "अपने को मालूमच नहीं अंदर कितनी हवा जा रही. अंधे के हात में बंदूक."

मग खरा घोर सुरू झाला. मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे चारही सिलिंडरांना हवा-पेट्रोल वाटून देणाऱ्या बिडाच्या नळीत, किती दाब चढतो हे समजायला हवं होतं. त्याच्यासाठी काटा हवा. काटा म्हणजे एक गोल डायल, त्यात सुई, मागं नळी. एवढंच. पण कुठला काटा?

भावानं आधी ट्रकच्या हवेच्या ब्रेकचा काटा आणला. चांगला भक्कम, पितळी. जोडला, पळवली, आणि सुई शून्यावरच बसून राहिली. जरा हललीशी वाटायची, पण तो रस्त्याचा हिसका की दाब, ते कळेना. मिस्त्री म्हणाला, तो काटा हत्ती मोजणारा. आपण मोजतोय शेळी. ब्रेकला लागणारा दाब एवढा मोठा की आपल्या फुंकणीचा दाब त्याच्या पहिल्या रेघेपर्यंतही पोचत नाही.

मग मिस्त्रीनं स्वतःचा जुना काटा काढला. कार्बोरेटर जुळवताना इंजिन हवा किती ओढतं ते तो त्या काट्यावर बघायचा. तो जोडला. इंजिन नुसतं सुरू असताना सुई छान डोलली. पण फुंकणी जोरात आली की सुई खुंटीला जाऊन टेकायची आणि तिथंच अडायची. त्या काट्याला फक्त ओढ समजत होती, दाब समजत नव्हता. आणि या जीपमध्ये तर दोन्ही होतं. पाय उचलला की ओढ, दाबला की दाब. भाऊ अकोल्याला जाऊन दोन्ही दाखवणारा काटा शोधून आला. दुकानदारांनी त्याला वेड्यात काढलं होतं.

तो रिकाम्या हातानं परतला त्या संध्याकाळी मी दवाखान्यातून थेट गॅरेजला गेले होते. खांद्याला पिशवी. तो ओसरीवर बसून बोलत होता, "इतका बारीक दाब मोजनारं काही असतच नाई." आणि मी ऐकता ऐकता थांबले.

माझ्या पिशवीत माझं प्रेशरचं यंत्र होतं. दवाखान्यातलं पाऱ्याचं वेगळं. हे माझं स्वतःचं, घड्याळासारखं, डायलचं. शिकत असताना आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला दिलेलं. खेड्यापाड्यात बाळंतिणी बघायला जाताना मी ते नेत असे. माणसाच्या दंडातल्या रक्ताचा दाब ते मोजतं, म्हणजे बारीकच की.

मी ते काढून मिस्त्रीच्या हातात दिलं. त्यानं फुगा दाबला, सुई वर गेली. स्क्रू सैल केला, सुई हळूहळू खाली आली. पुन्हा दाबला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कुठल्याही नव्या बापाच्या चेहऱ्यावरही पाहिलेलं नाही.

पण मी त्याला अडवलं. "चाचा, याले उलटी ओढ लागली तर आतली डबी फाटते. आमाले शिकवताना सांगतलं होतं, तोंडानं ओढू नका म्हनून."

"फिर?"

उत्तर फुग्यातच होतं. फुग्याच्या तोंडाशी एक झडप असते. ती हवा काट्याकडं जाऊ देते, परत येऊ देत नाही. तिच्या शेजारचा स्क्रू सैल ठेवला की कोंडलेली हवा हळूहळू सुटते. आम्ही रबराचा फुगा काढला आणि झडप, स्क्रू तेवढा ठेवला. आता इंजिनाचा दाब काट्याला पोचणार होता आणि ओढ झडपेपाशीच अडणार होती. तरी सुई इतकी थरथरायची की वाचता येईना. त्यावर मिस्त्रीनं नळीत स्टोव्हचा निपल बसवला. त्याच्या सुईएवढ्या भोकातून दाब सावकाश आत जायचा आणि काटा शांत व्हायचा. पेट्रोलच्या वाफेनं रबरी नळी फुगायची, ती अधूनमधून बदलावी लागायची. बाकी सगळं जमलं.

भाऊ म्हणाला, "ताई, हे तुह्यं खराब होईन."

"होऊ दे."

"डॉक्टरीणबाईनं देल्लं आहे."

"होऊ दे म्हनलं ना."

माझा त्या यंत्रावर जीव होता. पण त्या काळ्या चष्म्याच्या आठवणीपुढं कुठलीही वस्तू मोठी नव्हती.

मग सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं रस्त्यावर. भाऊ कच्च्या वाटेनं जीप पळवायचा, मी शेजारी यंत्र मांडीवर धरून काटा वाचायची, मिस्त्री मागं बसून कान देऊन इंजिन ऐकायचा. काट्यावर दीडशेपर्यंत इंजिन गोड चालायचं. दोनशेला त्याचा सूर बदलायचा. त्याच्या वर गेलं की फुटाणे. मिस्त्री ओरडायचा, "चबा रहा, दाने चबा रहा! छोड!" आणि भाऊ पाय उचलायचा. शेवटी दोनशेच्या रेघेवर मी चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला आणि जखमेवर लावतो त्या लाल औषधानं तो रंगवला. लाल पट्टीच्या पुढं जायचं नाही, असं ठरलं.

आणखी एक काम मी एकटीनं केलं. त्या पाय गेलेल्या बाईकडं गेले. तिला आता कोणी वावरात बोलावत नव्हतं. अंगणात बसून ती टोपल्यांच्या काड्या सोलत होती.

"पटाले येता का?" मी विचारलं.

"माह्या पायानं? कायले?"

"नाल्याच्या काठाशी बसायचं. जिथं जीपा येऊन थांबतात तिथं. बाकी काही नाई."

तिनं हातातली काडी सोलून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मले भेव होतं तवा काम तरी होतं. आता काम नाई, तं भेव कायचं? येतो मी." आमच्याकडं बायाही बोलताना येतो म्हणतात. मी तिच्यासाठी बैलगाडी ठरवली. दया म्हणून मी तिच्याकडं गेले नव्हते. छोट्या मालकाची गाडी जिथं थांबेल तिथं त्याला ती दिसावी, एवढंच मला हवं होतं.

पटाच्या दिवशी वावर माणसांनी भरलेलं. बैल पळून झाले. जीपा रांगेत लागल्या. आमची डिस्पोजलची जीप पाहून लोक हसले. मी तिच्यात बसलेली पाहून आणखी हसले. छोटा मालक उतरून आमच्याकडं आला. तोच चष्मा.

"हा कसा पळवून राह्यला?" तो पंचांना म्हणाला. "याचं लायसन गेलेलं आहे."

भाऊ स्टिअरिंगवर बसून होता. त्यानं आवाज चढवला नाही.

"गाडी तुमी चालोली मालक, अन् लायसन माह्यं गेलं. आज तुमीबी चालवा, मीबी चालवतो. पाहू."

जवळचे लोक माना वळवून पाहू लागले. मागच्यांनी विचारलं, काय म्हनला, काय म्हनला? आणि ते वाक्य वाऱ्यानं कापूस जावा तसं गर्दीतून पुढं गेलं. पंच म्हणाले, वावरात कायचं लायसन. छोट्या मालकाला आता मागं हटता येईना.

पंचांचा रुमाल पडला. छोटा मालक सुटला, आम्ही मागं राहिलो. आमची फुंकणी मोठ्या मशीनची. तिला दम धरायला वेळ लागायचा. काटा पन्नासवर. पुढं त्याच्या धुळीत काही दिसत नव्हतं. मी ओरडत होते, "साठ! सत्तर!" आणि मग शिट्टीसारखा आवाज चढत गेला, पाठ सीटला चिकटली, काटा उडाला. "एकशेवीस! एकशेऐंशी!" धूळ बाजूला झाली आणि त्याची जीप आमच्या शेजारी होती. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

काटा लाल पट्टीवर आला. माझं काम होतं ओरडणं. मी ओरडले नाही. मला तो मागं जाताना हवा होता, आणखी मागं, आणि त्यासाठी इंजिन जळालं असतं, चाचाची मेहनत जळाली असती, तरी मला चाललं असतं. काटा पट्टी ओलांडून गेला. मी तोंड मिटून बघत राहिले.

भावानंच ऐकलं. पहिला फुटाणा वाजताच त्यानं पाय अर्धा उचलला. माझ्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा समोर. काटा पट्टीखाली आला, सूर गोड झाला आणि आम्ही तेवढ्यावरच पुढं राहिलो. छोट्या मालकानं मात्र त्याची गाडी पिळून काढली. नाल्याच्या काठी आम्ही थांबलो तेव्हा तो मागं होता, आणि त्याच्या बॉनेटमधून वाफेचा लोट येत होता. ब्रेक मारून तो थांबला ते बरोबर त्या बाईच्या पुढ्यात.

ती कुबडीवर उभी होती. तिनं बाजूला व्हावं म्हणून त्यानं हॉर्न वाजवला. ती हलली नाही.

"सरक ना वं!"

"त्या रोजी सरकाले येळ भेटला नाई मालक," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक, पण वावरातल्या बाईचा, लांबपर्यंत जाणारा. "मागून आले तुमी. हाच चष्मा होता. पोरगं बाजूले बसलं होतं. तुमी खाली उतरून मले पाह्यलं अन् पुन्हा गाडीत बसले. त्या पोरानं उचललं मले. अन् तुमी त्यालेच जेलात टाकलं."

लोक जमले होते. तिचा नवराही त्यांत होता, त्यानं मान खाली घातली. कोणीतरी मागून म्हणालं, "आमाले मालूम होतं." मग आणखी कोणी. ज्यांना माहीत होतं असे किती जण तिथं उभे होते ते पाहून मला त्यांचाही राग आला. छोट्या मालकानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.  मी जीपमधून उतरून त्याच्याजवळ गेले. इतके महिने मी मनात जे जे बोलत होते त्यातलं काही आठवेना.

एवढंच म्हणाले, "उतरा. पायी जा. तिच्यासारखं."

त्याची जीप सुरू होत नव्हतीच. तो उतरला आणि सगळ्या गर्दीतून, फुटलेल्या ढेकळांवरून, अडखळत पायी गेला. कोणी बैलगाडीत बस म्हणालं नाही. मी तो दिसेनासा होईपर्यंत बघत होते. आयुष्यात अनेक गोड गोष्टी चाखल्या, पण त्या चालण्याएवढं गोड काही नाही. हे मी आजही तसंच म्हणते.

मायला कळलं तेव्हा ती मला म्हणाली, "झालं का बाई समाधान?"

"झालं."

"मंग आता सोड."

मी उठून चूल पेटवायला गेले.

काही महिन्यांत माझी बदली मेळघाटाकडं झाली. ती कोणामुळं झाली हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. खटला पुन्हा उघडला नाही. त्या बाईचा पाय कुठून येणार होता? पण तिला गावातल्या लोकांनी पुन्हा कामाला बोलावणं सुरू केलं, बसून करायची कामं. भाऊ मिस्त्रीकडंच राहिला. पुढं त्याला लायसन परत मिळालं, त्यानं ट्रक चालवला, लग्न केलं, पोरांना शाळेत घातलं. जीपच्या शर्यतीबद्दल तो कधी बोलायचा नाही. एकदाच मी त्याला विचारलं, त्या दिवशी काटा पुढं गेला तेव्हा माझ्याकडं बघून तुला काय दिसलं?

तो म्हणाला, "तुह्यं तोंड. मले वाटलं, आता ताईच चालवून राह्यली."

छोटा मालक मला नंतर एकदाच दिसला. मी सुट्टीत घरी आले होते, कारंज्याच्या स्टँडवर एसटीची वाट बघत होते. त्याची नवी गाडी पुढून गेली. स्टिअरिंगवर कोणी दुसराच होता आणि तो मागं बसलेला, काचेला टेकून. लोक म्हणायचे, त्या दिवसानंतर त्यानं स्टिअरिंगला हात लावला नाही. शेजारच्या बाईनं विचारलं, ओळखीचे आहेत का? मी म्हणाले, हो. गाडी वळणाआड गेली तरी मी तिकडंच बघत राहिले. माझी एसटी येऊन उभी राहिली, कंडक्टरनं घंटा दिली, तेव्हा कुठं मी पायरीवर पाय ठेवला. आणि मनाला विचारलं, पुरे झालं का? मन म्हणालं, नाही.